‘हाताने बनवलेलं’ म्हणजे नक्की काय? सिरॅमिकवर संशोधन करण्याआधी हा शब्द फोडून बघा

पेट झाली, गाइड मिळाले, आता आरआरसीसमोर विषय ठेवायचाय. अशा वेळी डिझाइन, मटेरियल सायन्स किंवा कलेच्या बाजूने येणाऱ्या बऱ्याच जणांच्या वहीत एक शीर्षक हमखास असतं: ‘हस्तनिर्मित आणि औद्योगिक सिरॅमिकचा तुलनात्मक अभ्यास’. वाचायला बरं वाटतं, दोन बाजू आहेत, तुलना आहे. पण समितीतल्या कुणी विचारलं, ‘हस्तनिर्मित म्हणजे काय, आणि ते तुम्ही मोजणार कसं?’ तर पुढचं सगळं तिथेच अडतं. म्हणून या लेखात हा एकच शब्द घेऊया. स्टुडिओ पॉटरी आणि कारखान्यातलं सिरॅमिक यांचं नातं काय, हे त्यातूनच उलगडत जाईल. उदाहरणं शक्यतो ठाणे ते कल्याण या पट्ट्यातलीच घेतली आहेत, म्हणजे तुम्हाला स्वतः जाऊन बघता येतील.

आधी चार वस्तू समोर ठेवा

पहिली वस्तू: ठाण्यात एखाद्या गाळ्यात चाक आणि इलेक्ट्रिक भट्टी टाकून काम करणाऱ्या स्टुडिओ पॉटरचा मग.

दुसरी: डोंबिवलीच्या फ्लॅटमधली बाथरूमची टाइल. टाइलचं आणि ठाण्याचं जुनं नातं आहे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या एच. अँड आर. जॉन्सन (इंडिया) या कंपनीने ठाण्यातच टाइल बनवायला सुरुवात केली. आज मात्र तुमच्या घरात लागणारी टाइल बहुतेक वेळा गुजरातच्या मोरबीहून आलेली असते.

तिसरी: कल्याणच्या कुंभारवाड्यासारख्या वस्तीत मिळणारा माठ किंवा दिवाळीची पणती.

आणि चौथी, जी या यादीत सहसा कुणी धरत नाही: कल्याण, भिवंडी, मुरबाड परिसरातल्या वीटभट्टीवरची वीट.

आता सांगा, यातल्या हाताने बनवलेल्या वस्तू कोणत्या? मग, माठ आणि वीट, तिन्ही. वीट तर अगदी शब्दशः हाताने बनते. माती पायाने तुडवली जाते, गोळा हाताने साच्यात मारला जातो, वरची माती हाताने काढली जाते. तरीही विटेवर ‘हँडमेड’ असं लेबल लावून कुणी जास्त पैसे मागत नाही. मगाच्या बाबतीत नेमकं तेच होतं. म्हणजे ‘हस्तनिर्मित’ हा वस्तूचा भौतिक गुणधर्म नाही. तो घनतेसारखा किंवा जलशोषणासारखा मोजता येत नाही. त्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या आहेत, आणि संशोधकाचं पहिलं काम त्या सुट्या करणं हे आहे.

माझ्या मते तीन प्रश्न सुटे करता येतात. वस्तू घडताना निर्णय कुठे होतो? किती फरक चालवून घेतला जातो? आणि नाव व किंमत कुणाला मिळते? एकेक घेऊ.

प्रश्न पहिला: निर्णय कुठे होतो?

इथे डेव्हिड पाय या इंग्रज लाकूडकाम करणाऱ्या डिझाइनरची मदत होते. १९६८ च्या ‘द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप’ या पुस्तकात त्याने हात विरुद्ध यंत्र ही विभागणीच बाजूला ठेवली आणि दुसरी मांडली. ज्या कामात प्रत्येक क्षणी कारागिराच्या नजरेवर, सफाईवर निकाल अवलंबून असतो, हात जरा चुकला तर वस्तू बिघडते, ती जोखमीची कारागिरी. ज्या कामात निकाल आधीच ठरून गेलेला असतो, ती निश्चितीची कारागिरी. पेनाने लिहिणं पहिल्या प्रकारचं, छपाई दुसऱ्या प्रकारची.

हे भिंग लावून चार वस्तू परत बघा. चाकावर मग उचलताना जोखीम भरपूर. टाइलमध्ये स्प्रे ड्रायरमधून आलेली भुकटी हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबली जाते, तिथे जोखीम जवळजवळ नाही. माठाचं तोंड चाकावर होतं आणि पोट लाकडी थापटण्याने ठोकून ठोकून फुगवलं जातं. आतून एक हात दगडाचा किंवा भाजलेल्या मातीचा आधार धरतो, बाहेरून दुसरा हात थापटतो. चारही वस्तूंत जोखीम बहुधा इथेच सर्वांत जास्त. विटेत हात आहे, पण आकार लाकडी किंवा लोखंडी साच्याने ठरवलेला आहे. म्हणजे हाताचं काम असूनही ती बरीचशी निश्चितीकडे झुकते.

आता कारखान्याच्या आत जाऊ. कपबश्या बनवणाऱ्या कारखान्यात सर्वांत आधी कुणीतरी प्लास्टरचं मॉडेल घडवतो. ते मॉडेल पूर्ण जोखमीचं काम असतं. त्यावरून मुख्य साचा, मुख्य साच्यावरून कामाचे साचे, आणि त्या साच्यांतून हजारो कप. उत्तर प्रदेशातल्या खुर्जासारख्या ठिकाणी जिगर-जॉली नावाचं साधं यंत्र चालतं. साचा फिरतो आणि वरून एक पातं माती दाबत आकार देतं. हे चाक आहे की यंत्र? दोन्ही. उलट बाजूने, ठाण्यातला स्टुडिओ पॉटरही कॅफेची साठ प्लेटांची ऑर्डर आली की प्लास्टरचा साचा काढतो आणि त्यात स्लिप, म्हणजे ओतता येईल इतकी पातळ केलेली माती ओततो.

म्हणून ‘स्टुडिओत हात आणि कारखान्यात यंत्र’ हे वाक्य तुमच्या प्रबंधात टिकणार नाही. टिकेल ते असं: कारखान्यात जोखीम साखळीच्या सुरुवातीला एकदाच घेतली जाते, स्टुडिओत ती प्रत्येक नगाला पुन्हा घेतली जाते.

प्रश्न दुसरा: किती फरक चालतो?

इथे आकडेमोड करू, कारण याच ठिकाणी सायन्सवाल्यांना पकड मिळते.

माती वाळताना आणि भाजताना आकसते. समजा एका स्टोनवेअर मातीचं एकूण आकुंचन १२ टक्के आहे. भाजल्यावर मगाची उंची १० सेंमी हवी असेल, तर ओला मग १० भागिले ०.८८ म्हणजे सुमारे ११.३६ सेंमी घ्यावा लागेल. आता मातीच्या पुढच्या पोत्यात आकुंचन १३ टक्के निघालं, तर तोच मग ९.८८ सेंमीचा होईल. फरक १.२ मिलिमीटर. चहा पिणाऱ्याला कळणारही नाही.

हाच एक टक्का टाइलला लावा. ६० सेंमीची टाइल, आकुंचन ८ टक्के धरलं, तर दाबलेली टाइल सुमारे ६५२ मिलिमीटर. आकुंचन ९ टक्के झालं की भाजलेली टाइल साधारण ५९३.५ मिलिमीटर, म्हणजे साडेसहा मिलिमीटर कमी. दोन टाइलमधला सांधा असतो दोन-तीन मिलिमीटरचा. ही टाइल डोंबिवलीच्या बाथरूममध्ये बसणारच नाही. टाइल एकटी वापरली जात नाही, तिला शेजारीण असते. कारखान्याचं बरंचसं विज्ञान (भुकटीतला ओलावा, कणांचा आकार, दाब, रोलर भट्टीतलं तापमान) या एका गरजेतून आलेलं आहे. दाबून बनवलेल्या टाइलसाठी आयएस १५६२२ हे भारतीय मानक आहे, त्यात परिमाणं किती हलू शकतात याच्या मर्यादाच दिलेल्या असतात.

म्हणजे कारखान्याला सारखेपणा आवडतो म्हणून तो सारखं बनवतो, असं नाही. वस्तूचा वापर सारखेपणा मागतो. उलट माठाचं बघा. माठाला सच्छिद्रता लागते, पाणी बाहेर पाझरून उडालं तरच आतलं गार होतं. चांगल्या व्हिट्रिफाइड टाइलचं जलशोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असावं लागतं. तसा माठ बनवला तर तो माठ म्हणून निरुपयोगी. ‘गुणवत्ता’ हा शब्द लिहिताना कशासाठी ते लिहायला विसरू नका.

दोष आणि सौंदर्य यांचंही असंच. ग्लेझवर बारीक तडांचं जाळं येतं, त्याला क्रेझिंग म्हणतात. कारण साधं आहे: थंड होताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसलं की ते ताणात येतं आणि तडकतं. ग्लेझचा प्रसरण गुणांक मातीपेक्षा किंचित कमी ठेवला तर ग्लेझ दाबात राहतं आणि टिकतं. कारखान्यात हे जाळं दिसलं की माल बाद. स्टुडिओत त्यालाच क्रॅकल म्हणतात, कधी शाई चोळून ते उठवतात आणि त्याचे पैसे घेतात. भौतिकी एकच, हिशेब दोन.

तपासणीची जुनी पद्धतही दोन्हीकडे एकच आहे. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी ठोकून कच्चं-पक्कं मडकं ओळखल्याची कथा आपल्याला माहीत आहे. ती कुंभाराची खरी चाचणी आहे. चिरलेलं किंवा कच्चं मडकं बद्द वाजतं, पक्कं खणखणतं. सॅनिटरीवेअरसारख्या वस्तू तपासताना कारखान्यातही ठोकून आवाज ऐकतात. फक्त कुंभाराच्या या ज्ञानाला ‘नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग’ म्हणायला आपण कचरतो.

मग नातं कसलं? देवाणघेवाणीचं

इतिहासात बघितलं तर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडून भरपूर घेतलंय.

जोसाया वेजवूड हा कुंभार घराण्यातला इंग्रज कारागीर. त्याने १७५९ मध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला, मग कारखानदार झाला. भट्टीतलं तापमान मोजायला साधन नव्हतं, म्हणून त्याने मातीच्या छोट्या तुकड्यांचं आकुंचन मोजून तापमान सांगणारा पायरोमीटर बनवला आणि १७८२ मध्ये तो रॉयल सोसायटीपुढे मांडला. वर आपण जे आकुंचन मोजलं तेच त्याने मोजपट्टी म्हणून वापरलं. पुढे १८८६ मध्ये जर्मनीत हर्मान सेगरने भट्टीत ठेवायचे शंकू आणले, ठराविक उष्णतेला वाकणारे. बर्लिनच्या शाही पोर्सेलिन कारखान्याशी जोडलेल्या प्रयोगशाळेतून आलेला हा माणूस. आज जगभरातले स्टुडिओ पॉटर ‘कोन सहाला भाजलं’ म्हणतात, ते त्याच परंपरेतलं. ग्लेझचं गणित मांडायची त्याची पद्धतही (सगळ्या फ्लक्सची बेरीज एक धरायची आणि सिलिका, अॅल्युमिना त्याच्या प्रमाणात लिहायचं) स्टुडिओत रोज वापरली जाते.

आता उलटी दिशा. यांत्रिक मालाला उत्तर म्हणून विसाव्या शतकात स्टुडिओ पॉटरी उभी राहिली, त्यातलं मोठं नाव बर्नार्ड लीच. त्याने १९२० मध्ये शोजी हमादाबरोबर इंग्लंडच्या सेंट आइव्हसला भट्टी लावली. पण गंमत बघा, त्याच भट्टीतून पुढे ‘स्टँडर्ड वेअर’ निघालं: ठरलेले आकार, ठरलेली मापं, कॅटलॉगमधून मागवायची भांडी. कारखान्याला विरोध करणाऱ्या स्टुडिओलाही पोट भरायला पुनरावृत्ती लागलीच.

आपल्याकडे मुंबईतलं उदाहरण आणखी बोलकं आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. १८७० च्या दशकात तिथल्या जॉर्ज टेरी या शिक्षकाने भांड्यांचं काम उभं केलं. त्यात सिंधच्या झिलईच्या भांड्यांचा आणि अजिंठ्याच्या चित्रांचा आधार घेतलेला दिसतो. ही ‘बॉम्बे पॉटरी’ आज परदेशी संग्रहालयांत आहे. ती स्टुडिओ पॉटरी होती का? एका कलाकाराची सही नाही. कारखाना होता का? तसं यंत्रही नाही. शाळा, कार्यशाळा आणि विक्री यांच्या मधलं काहीतरी. ‘हस्तनिर्मित विरुद्ध औद्योगिक’ या दोन खणांच्या कपाटात ती मावतच नाही.

आजचा व्यवहारही बघा. स्टुडिओवाले फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चिनी माती पोत्याने आणतात. ती दळलेली, चाळलेली मिळते, कारण मोठे कारखाने ती विकत घेतात. म्हणजे ‘निसर्गातून थेट हातात’ असं नसतं, मध्ये उद्योग असतो. निर्मला पटवर्धन यांच्या ‘अ हँडबुक फॉर पॉटर्स’सारख्या पुस्तकाचं मोल इथे कळतं. इथे मिळणाऱ्या कच्च्या मालावर चालणारी ग्लेझ स्वतः करून, लिहून ठेवणं हे स्टुडिओत बसून केलेलं संशोधनच आहे. आणि टाइल कंपन्या आता काय करतात? हातची वाटावी म्हणून कडा मुद्दाम वाकड्या करतात, डिजिटल छपाईत एकाच डिझाइनची अनेक वेगवेगळी रूपं छापतात. स्टुडिओ सारखेपणाकडे चाललाय आणि कारखाना फरकाकडे.

प्रश्न तिसरा: नाव आणि किंमत कुणाला?

हा प्रश्न टाळला तर संशोधन सोपं होतं, पण खोटं होतं.

स्टुडिओ पॉटरच्या मगाच्या तळाशी सही असते. टाइलच्या पाठीवर कंपनीचं नाव उठवलेलं असतं. वीटभट्टीवरच्या विटेवरही भट्टीमालकाची अक्षरं असतात, ती पाडणाऱ्याची नसतात. ठाणे-रायगडच्या भट्ट्यांवर दर हंगामाला येणाऱ्यांत कातकरी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. आधी उचल घ्यायची आणि मग हजार विटांच्या हिशेबाने ती फेडत राहायची, हा तिथला व्यवहार. माठावर तर काहीच नसतं. कल्याणचा कुंभार असो की धारावीच्या कुंभारवाड्यातली सौराष्ट्रातून आलेली कुटुंबं, हाताचं कौशल्य स्टुडिओपेक्षा कमी नाही, पण ‘स्टुडिओ पॉटरी’च्या लेखनात ही माणसं बहुतेक वेळा ‘परंपरा’ या एका परिच्छेदात उरकली जातात.

तुमच्या शीर्षकात ‘हस्तनिर्मित’ लिहून तुम्ही प्रत्यक्षात फक्त गॅलरीत आणि इन्स्टाग्रामवर दिसणारे पॉटर अभ्यासलेत, तर कुंभार आणि वीटकामगार तुमच्या नमुन्यातून आपोआप गळतात. हे तुम्ही ठरवून केलेलं नसतं. व्याख्येनेच ते केलेलं असतं. म्हणून व्याख्या आधी.

आता हे संशोधनात कसं आणायचं?

तीन वाटा सुचवतो. तिन्ही लोकलच्या पासात होण्यासारख्या आहेत.

एक, फरक मोजा. स्टुडिओचे मग, कुंभाराचे कुल्हड आणि कारखान्याचे मग घ्या. व्हर्नियरने प्रत्येकाचा तोंडाचा व्यास तीन ठिकाणी मोजा, वजन करा, आणि मानक विचलन भागिले सरासरी काढा. सरासरी ८२ मिमी आणि मानक विचलन १.६ मिमी असेल तर हा आकडा सुमारे २ टक्के येतो. वेगवेगळ्या आकाराच्या वस्तूंची तुलना अशीच करता येते. मात्र एक सापळा आहे. एकाच भट्टीतून निघालेले ३० मग म्हणजे भाजणीचे ३० स्वतंत्र नमुने नव्हेत. भाजणीच्या परिणामाबद्दल बोलायचं असेल तर तुमचा नमुना ‘एक भाजणी’ हा आहे, आणि तुमच्याकडे तो एकच आहे. हाताच्या फरकाबद्दल बोलायचं असेल तर भाजण्याआधी, ओलं असतानाच मोजून ठेवा. मांडणीतली ही चूक डेटा गोळा झाल्यावर दुरुस्त होत नाही.

दोन, सुरक्षितता तपासा. ग्लेझमधून शिसं किंवा कॅडमियम खाण्यात उतरतं का, हे बघायला ४ टक्के अॅसेटिक आम्ल खोलीच्या तापमानाला २४ तास भांड्यात ठेवून द्रावण तपासतात. कारखान्याकडे यासाठी यंत्रणा असू शकते. घरून मग विकणाऱ्याकडे सहसा नसते. इथे कारखान्याची पद्धत स्टुडिओला सरळ उपयोगी पडते, आणि निकालाचा संबंध लोकांच्या पोटाशी आहे. नमुने घेताना विक्रेत्याला अभ्यासाचा हेतू सांगा आणि अहवालात नाव न देता सांकेतिक क्रमांक द्या.

तीन, निर्णयांचा नकाशा काढा. माती मळण्यापासून विक्रीपर्यंतच्या पायऱ्या लिहा आणि प्रत्येक पायरीवर कारागिराला एकच विचारा: ‘इथे हात चुकला तर काय होतं?’ ‘काही नाही, साचा सांभाळतो’ हे उत्तर आलं तर निश्चिती. ‘सगळं गेलं’ आलं तर जोखीम. मग त्याच पायरीपुढे लिहा: नुकसान कोण भरतं? पगारी कामगाराचं बहुधा कंपनी भरते. कुंभाराचा आवा पावसाने बिघडला तर कुंभारच भरतो. कामाचा दिवस मोडून बोलायला बसणाऱ्याला त्या वेळेचा मोबदला द्या, परवानगी त्याला कळेल अशा मराठीत, हिंदीत किंवा गुजरातीत घ्या, आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवा.

शेवटी शीर्षकाकडे येऊ. ‘हस्तनिर्मित आणि औद्योगिक सिरॅमिकचा तुलनात्मक अभ्यास’ हे खोडा आणि असं काहीतरी लिहून बघा: ‘ठाणे-कल्याण पट्ट्यातील स्टुडिओ, कुंभारवाडा आणि वीटभट्टी येथील उत्पादनप्रक्रियेत आकारविषयक निर्णय, मापातील फरक आणि नुकसानीची जबाबदारी’. लांब आहे, दिसायला आकर्षक नाही. पण यातला प्रत्येक शब्द मोजता येतो किंवा विचारता येतो. समितीने ‘म्हणजे काय?’ म्हटलं तर तुमच्याकडे व्हर्नियर आहे, प्रश्नावली आहे आणि उत्तरही आहे.